दारापर्यंतची लाइन कंपनीची, आतलं नेटवर्क आपलं

सांगलीच्या आमच्या घरात पाच कॉम्प्युटर आहेत. खाली बाबांचा जुना डेस्कटॉप आणि वहिनीचा लॅपटॉप. वर दादाचं करसल्ल्याचं ऑफिस, तिथे दोन डेस्कटॉप आणि एक प्रिंटर. पाचवा पुतणीचा लॅपटॉप. तो अभ्यासाच्या निमित्ताने जिन्यापासून गच्चीपर्यंत कुठेही सापडतो. फोन, टीव्ही आणि फाटकावरचा कॅमेरा वेगळेच. एवढ्या सगळ्यांना नेट मिळतं ते खिडकीच्या चौकटीतून आत आलेल्या एका चपट्या काळ्या वायरमधून.

मागच्या वर्षी जुलैत, विवरणपत्रं भरायच्या ऐन गर्दीत, वरचं नेट सारखं अडायला लागलं. दादाने प्लॅन पन्नास एमबीपीएसचा शंभर केला, मग दोनशे. बिल वाढलं, तक्रार जागची हलली नाही. गणपतीला मी घरी गेले तेव्हा वहिनी म्हणाली, "अगं, कंपनीला इतके फोन केले. ते म्हणतात, आमच्याकडून सगळं बरोबर आहे."

ते खरं बोलत होते. दोष तीन निघाले आणि तिन्ही आमच्याच चार भिंतींच्या आत होते. ते शोधताना घरच्यांना जे समजावून सांगितलं तेच इथे लिहिते आहे, कारण हीच अवस्था मी अनेक घरांत पाहिली आहे. नेट अडलं की आपण प्लॅन वाढवतो. पण प्लॅन म्हणजे फक्त दारापर्यंतच्या लाइनचा वेग. दाराच्या आत जे असतं ते स्वतंत्र नेटवर्क आहे, ते आपल्या मालकीचं आहे आणि त्याची देखभालही आपल्याकडेच आहे.

म्हणून सगळ्यात आधी एकच तपासणी करा. लॅपटॉप उचला, कंपनीने लावलेल्या डब्याजवळ बसा, छोट्या वायरने तो थेट डब्याला जोडा, वाय-फाय बंद करा आणि वेग मोजा. तिथे प्लॅनइतका वेग मिळाला तर कंपनीचा प्रश्न मिटला. पुढचा शोध घरात घ्यायचा. आमच्याकडे तिथे २०० च्या वर आकडा आला. मग तोच लॅपटॉप वर नेऊन दादाच्या टेबलाजवळच्या वायरला जोडला, तर ९४.

या ९४ कडे मी पुन्हा येणार आहे. त्याआधी तो डबा काय करतो ते पाहू.

शेजाऱ्यांचा फोन आणि राउटरची वही

चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिका किंवा व्हिजिटिंग कार्डं कुणी जपून ठेवली असतील, तर त्यांवर फोन नंबराच्या पुढे 'पी.पी.' अशी अक्षरं दिसतील. फोन आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे, पण ते हाक मारतील, असा त्याचा अर्थ. अख्ख्या चाळीत एका घरी फोन आणि तोच नंबर दहा बिऱ्हाडांच्या पत्रिकांवर. फोन यायचा, शेजारच्या काकू गॅलरीत येऊन हाक मारायच्या आणि ज्याचा फोन त्याने धावत जायचं.

आज तुमच्या घरातला प्रत्येक कॉम्प्युटर पी.पी. नंबरावरच चालतो. कंपनी तुमच्या घराला एकच पत्ता देते आणि घरातली दहा यंत्रं तो पत्ता वाटून वापरतात. असं करावं लागलं त्याचं कारण साधं आहे. १ जानेवारी १९८३ पासून ज्या पद्धतीने इंटरनेटचे पत्ते दिले जातात, तिच्यात पत्ता ३२ बिटांचा असतो. त्या मापात एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. तेव्हा जगात जोडलेले कॉम्प्युटर मोजके होते, त्यामुळे हा आकडा अफाट वाटला. दहा वर्षांत तो अपुरा पडणार हे स्पष्ट झालं. १९९४ च्या मे महिन्यात केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक मसुदा मांडला: आतले पत्ते वेगळे ठेवा, बाहेरचा पत्ता एकच ठेवा आणि दारावर त्यांची अदलाबदल करा. याला नॅट म्हणतात. त्यांनी हा उपाय तात्पुरता म्हणून सुचवला होता. तीस वर्षं उलटून गेली, तरी जगातली बहुतेक घरं अजून त्याच्यावरच उभी आहेत.

आतल्या पत्त्यांसाठी काही आकडे १९९४ साली राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यातलेच. तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१.५ असेल, तर अगदी तोच पत्ता शेजारच्या इमारतीतल्या एखाद्या कॉम्प्युटरचाही असू शकतो आणि त्याने काही बिघडत नाही. प्रत्येक चाळीत पाच नंबरची खोली असतेच.

आता अदलाबदल कशी होते ते पाहा. बाबा खाली बातम्यांचं पान उघडतात. त्यांच्या कॉम्प्युटरची मागणी त्या डब्याकडे, म्हणजे राउटरकडे, जाते. राउटर तिच्यावरचा आतला पत्ता पुसतो, घराचा बाहेरचा पत्ता लिहितो आणि सोबत एक टोकन नंबर जोडतो, समजा ४१०५२. आपल्या वहीत तो नोंद करतो: टोकन ४१०५२, बाबांचा कॉम्प्युटर. त्याच क्षणी वर पुतणी तेच पान उघडते. तिच्या नावे टोकन ४१०५३. उत्तरं परत आली की राउटर टोकन बघतो, वही उघडतो आणि ज्याचं त्याला देतो. तांत्रिक भाषेत या टोकनाला पोर्ट म्हणतात. ते सोळा बिटांचं असतं, म्हणजे एका पत्त्यामागे ६५,५३६ टोकनं. कुटुंब कितीही मोठं असलं तरी पुरेल इतकी.

या व्यवस्थेचा एक परिणाम लक्षात ठेवा. बाहेरून कुणी आपणहून आलं आणि त्याच्या टोकनाची नोंद वहीत नसली, तर राउटरला ते कुणाला द्यायचं हे कळत नाही. तो ते टाकून देतो. त्यामुळे घराला आपोआप थोडं संरक्षण मिळतं. पण गावाहून घरचा कॅमेरा थेट बघायचा म्हटलं तर हीच अडचण आडवी येते. म्हणून हल्लीचे कॅमेरे स्वतःच आतून कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क जोडून ठेवतात आणि आपला फोन त्या सर्व्हरकडून चित्र घेतो.

आपल्याकडे बऱ्याच घरांना आता कंपनीकडून तो एक बाहेरचा पत्तासुद्धा स्वतंत्र मिळत नाही. जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि कंपन्यांनी एक पत्ता अनेक घरांत वाटायला सुरुवात केली. पी.पी.चा पी.पी. म्हणा. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते सेटिंगचं पान) बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला, तर तुमचं घर अशा वाटणीत आहे. रोजच्या वापरात त्याने फरक पडत नाही. ऑफिसचा सर्व्हर घरी ठेवून बाहेरून वापरायचा असेल, तर मात्र कंपनीकडून स्वतंत्र कायम पत्ता पैसे भरून घ्यावा लागतो.

यावरचा कायमचा उपाय म्हणजे आयपीव्ही६, पत्ते देण्याची नवी पद्धत. त्यात पत्ता १२८ बिटांचा असल्याने प्रत्येक यंत्राला आपला खरा पत्ता मिळतो, कुणाच्या फोनवर अवलंबून राहावं लागत नाही. ही पद्धत वापरणाऱ्या देशांत भारत आघाडीवर आहे आणि त्याला मोबाइल इंटरनेटचा मोठा हातभार लागला. तुमच्या राउटरमध्ये ती सुविधा असेल तर चालू ठेवा, पण त्यातला फायरवॉल बंद करू नका. पत्ता खरा झाला की वहीचं आपोआप मिळणारं संरक्षण उरत नाही. दार सांभाळायचं काम फायरवॉलकडे येतं.

एका डब्यात चार कामगार

कंपनीचा माणूस लावून जातो त्या डब्याला आपण सरसकट 'राउटर' म्हणतो. खरं तर त्यात चार वेगवेगळी कामं चालतात आणि ती वेगळी ओळखता आली की निम्मा गोंधळ संपतो.

पहिलं काम प्रकाशाचं विजेत रूपांतर करण्याचं. फायबरमधून प्रकाश येतो, कॉम्प्युटरला विजेचे संकेत लागतात. दुसरं काम वर सांगितलेल्या वहीचं. ते खरं राउटरचं. तिसरं काम मागच्या चार भोकांचं, त्यांत वायर घालून यंत्रं एकमेकांना जोडता येतात. याला स्विच म्हणतात आणि भोकं कमी पडली तर वेगळा स्विच घेऊन ती वाढवता येतात, तो फार महाग नसतो. चौथं काम वाय-फायचं, म्हणजे तेच नेटवर्क हवेतून देण्याचं.

पूर्वी वहीचं काम चक्क एका कॉम्प्युटरकडे असायचं. डायल-अपच्या काळात, १९९९ मध्ये विंडोज ९८ ची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात नेट वाटून घेण्याची सोय होती. एका कॉम्प्युटरला मोडेम जोडायचा आणि दुसरा त्याला वायरने जोडायचा. मुख्य कॉम्प्युटर बंद केला की घरभराचं नेट बंद. आजचा डबा म्हणजे तोच मुख्य कॉम्प्युटर, कायम चालू ठेवलेला आणि तळहाताएवढा झालेला.

डबा आणखी एक काम करतो, ते म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणं. त्याला डीएचसीपी म्हणतात. भाड्याच्या घराचा जसा अकरा महिन्यांचा करार असतो, तसा इथेही पत्ता मुदतीवर मिळतो, फक्त मुदत बहुधा एका दिवसाची असते. अर्धी मुदत उलटली की कॉम्प्युटर आपणहून नूतनीकरण मागतो. प्रिंटर काही दिवस बंद राहिला तर त्याचा पत्ता दुसऱ्याला जाऊ शकतो आणि मग 'प्रिंटर ऑफलाइन' असा संदेश येतो. यासाठी राउटरच्या पानावर जाऊन प्रिंटरच्या नावाने एक पत्ता कायमचा राखून ठेवावा. पाच मिनिटांचं काम आहे. दादाच्या ऑफिसात दर सोमवारी होणारी कटकट तेवढ्याने थांबली.

९४ चा माग

प्लॅन २०० चा आणि वायरच्या टोकाशी ९४ किंवा ९५. हा आकडा दिसला की मला पुढचं अर्धं उत्तर कळतं. नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोन पिळलेल्या, अशा चार जोड्या. शंभरच्या वेगाला त्यांतल्या दोनच जोड्या पुरतात. हजारच्या वेगाला, म्हणजे गिगाबिटला, चारही लागतात. एखादी जोडी तुटली किंवा जोडलीच नाही, तर दोन्ही टोकांची यंत्रं आपसात ठरवून शंभरवर उतरतात. कुठेही लाल दिवा लागत नाही, कुणी तक्रार करत नाही. शंभरातून पत्ते, तपासण्या वगैरेंचा वरखर्च वजा जाता हातात उरतात सुमारे ९४.

वर दादाच्या टेबलामागच्या भिंतीतला जॅक स्क्रू काढून बाहेर ओढला. नारंगी जोडी आणि हिरवी जोडी नीट बसवलेली. निळी आणि तपकिरी जोडी मागे वळवून, कापून, तशीच सोडलेली. वायर टाकणाऱ्याचं काम चारच तारांत चालू झालं, तो निघून गेला. प्लॅन पन्नासचा होता तोवर कुणाला कळायचं कारणही नव्हतं.

बाजारातून क्रिंपिंगचा पक्कड आणि दहा जॅक आणले. रंगांचा क्रम पाठ करण्यासारखा आहे: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. जॅकची पितळी बाजू आपल्याकडे आणि खिट्टी मागे धरून, डावीकडून. तारा बोटांनी सरळ करायच्या, एका पातळीत कापायच्या, जॅकमध्ये शेवटपर्यंत सारायच्या. पारदर्शक प्लॅस्टिकच्या टोकाशी आठही तांब्याचे ठिपके दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर दाबायचं नाही, पुन्हा. पुतणी टॉर्च धरून मोजत होती. पहिल्या प्रयत्नात तिला सातच दिसले. दुसऱ्यात आठ. वेग मोजला, २०० च्या वर.

वायर विकत घेताना एवढं बघा: त्यावर कॅट ५ई किंवा कॅट ६ छापलेलं हवं आणि तारा पूर्ण तांब्याच्या हव्यात. स्वस्त वायरीत अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ती जॅकशी वाकवताना मोडते. चांगली वायर शंभर मीटरपर्यंत गिगाबिट वेग नेते, म्हणजे कुठल्याही घराला पुरून उरेल.

राउटरची आणि कॉम्प्युटरची भोकंही तपासा. जुन्या किंवा स्वस्त डब्यांची भोकं शंभरचीच असतात. मग वायर कितीही चांगली असली तरी आकडा ९४ वरच थांबतो.

दुसरा राउटर आणि न छापणारा प्रिंटर

वर वाय-फाय पोचत नाही म्हणून दादाने दुसरा राउटर आणला होता. खालून आलेली वायर त्याच्या वेगळ्या रंगाच्या, 'वॅन' लिहिलेल्या भोकात घातली होती. वर नेट मिळालं, सगळे खूश. पण वहिनीला खालून वरच्या प्रिंटरवर छापता येईना. ती फाइल पेन ड्राइव्हमध्ये घेऊन जिना चढायची. सहा महिने.

कारण पी.पी.च्या गोष्टीतच आहे. दुसऱ्या राउटरने वर आपली वेगळी चाळ केली. खालचे पत्ते १९२.१६८.१ चे, वरचे १९२.१६८.० चे. वरच्यांना बाहेर जाता येतं, कारण त्यांची नोंद वरच्या वहीत होते. खालून वर जाणारी मागणी मात्र वरच्या राउटरला परकी वाटते. वहीत नोंद नाही, म्हणून प्रवेश नाही. प्रिंटर अडला तो इथे.

उपाय असा की दुसऱ्या डब्याने राउटरचं काम सोडायचं आणि फक्त स्विच आणि वाय-फाय एवढंच करायचं. बऱ्याच डब्यांत 'अॅक्सेस पॉइंट मोड' नावाचा पर्याय असतो. तो निवडला की झालं. नसेल तर हाताने करता येतं, पण क्रम सांभाळा. आधी त्या डब्याचा स्वतःचा पत्ता बदलून खालच्या पट्ट्यातला एक मोकळा पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२. मग त्याचं पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करा. आणि त्यानंतरच वायर वॅनमधून काढून लॅनच्या, म्हणजे बाकीच्या भोकांपैकी एका, भोकात घाला.

मी घाईत वायर आधी हलवली. घरात एकाच नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघे झाले. असं झालं की ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता कॉम्प्युटर घेतो. बाबांचा कॉम्प्युटर चालू, वहिनीचा बंद. पुन्हा चालू केल्यावर उलट. अर्धा तास घरात कुणाचंच धड चालत नव्हतं आणि दादाचं एक विवरण अर्ध्यावर अडकलं होतं. शेवटी विंडोजच्या 'कमांड प्रॉम्प्ट'च्या काळ्या पडद्यावर आयपीकॉन्फिग ही आज्ञा देऊन पाहिलं. बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा 'डिफॉल्ट गेटवे', म्हणजे बाहेर जायचं दार, वरच्या डब्याचा निघाला आणि वरच्या डब्याला तर आता बाहेरचा रस्ताच नव्हता. त्याचं डीएचसीपी बंद केलं, सगळे कॉम्प्युटर एकदा बंद-चालू केले. वहिनीने खालून छापायला दिलं आणि वरून प्रिंटरचा घरघर आवाज आला. ती पायरीवर उभी राहून ऐकत होती.

ही आज्ञा लक्षात ठेवा. तिच्यात पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला, तर कॉम्प्युटरला कुणीच पत्ता दिलेला नाही आणि त्याने स्वतःच एक धरून घेतला आहे. वायर सैल आहे किंवा डबा अडकला आहे, असं समजावं.

हवेतला रस्ता

वाय-फायबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जे यंत्र जागचं हलत नाही त्याला वायर द्यावी. डेस्कटॉप, प्रिंटर, टीव्ही. हवा फोनसाठी आणि हातातल्या लॅपटॉपसाठी ठेवावी. कारण वायरीत प्रत्येकाचा रस्ता स्वतंत्र असतो, हवेत सगळ्यांचा एकच. एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. लांब कोपऱ्यातला कमजोर लॅपटॉप हळू बोलतो आणि जास्त वेळ घेतो; त्याची किंमत राउटरशेजारी बसलेल्यालाही मोजावी लागते. टीव्हीला वायर दिली की तिचा फायदा फोनला होतो, तो असा.

हवेतल्या लहरींचे दोन पट्टे घरोघरी वापरात असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीतून जास्त जातो पण त्यात गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे तिथेच. त्यात एकमेकांना न छेदणारे मार्ग तीनच: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा मोकळी आणि वेग जास्त, पण एक-दोन भिंतींत तो थकतो. कोकणातली चिऱ्याची जाड भिंत, जुन्या वाड्याची दगडमातीची भिंत किंवा सळयांनी भरलेला स्लॅब यांच्यापुढे त्याचं फारसं चालत नाही. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकीही वाटेत नको.

कंपनीचा माणूस डबा बहुधा वायर आत येते तिथेच ठोकतो, टीव्हीमागे नाहीतर दाराच्या कोपऱ्यात. थोडी जास्तीची वायर मागून तो घराच्या मध्याकडे, डोक्याच्या उंचीवर घ्या. फायबर मात्र काटकोनात वाकवू नका. आत काचेची तार आहे. आणि वाय-फाय पुढे पोचवणारा नुसता रिपीटर शक्यतो टाळा. साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यात वेग निम्मा होतो. वायरीने जोडलेला दुसरा अॅक्सेस पॉइंट त्यापेक्षा केव्हाही चांगला.

मग जुलैत अडत काय होतं?

तसं पाहिलं तर ९४ काही कमी नव्हते. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस लागतात, चांगल्या चित्राच्या सिनेमाला पाचेक, अगदी फोर-केला पंधरा ते पंचवीस. (एमबीपीएसमधला 'बी' बिटांचा आहे, फाइलीचं माप बाइटांत असतं, म्हणून आठाने भागा. शंभरच्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात.) तीन-चार माणसांच्या घराला शंभर भरपूर झाले. मग विवरण भरताना पान का गोठत होतं?

ते गोठायचं ते बहुतेक दुपारी चारनंतर. पुतणी शाळेतून यायची, तिचा फोन वाय-फायला लागायचा आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागायचे. त्याच वेळी ऑफिसचा डेस्कटॉपही ग्राहकांच्या फाइलींचा बॅकअप वर चढवायचा. चढता रस्ता पूर्ण भरला की राउटर माहितीची पुढची पाकिटं रांगेत उभी करतो आणि ही रांग खूप लांब होऊ देतो. दादाने पानावर बटण दाबलं की ती एवढीशी मागणी त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते. उतरता रस्ता रिकामा असतो, पण 'मिळालं, पुढचं पाठवा' ही पोचसुद्धा चढत्या रस्त्यानेच जाते. ती अडकली की उतरणंही मंदावतं. कॉम्प्युटरवरून पिंग करून, म्हणजे उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजून, पाहिलं: एरवी १० मिलिसेकंद, बॅकअप चालू असताना ६०० च्या वर.

प्लॅन वाढवला तरी बॅकअप तेवढाच जास्त रस्ता व्यापतो. आम्ही ऑफिसचा बॅकअप रात्री अकराला लावला आणि त्याला वेगाची मर्यादा घातली. पुतणीला म्हटलं, फोटो रात्री झोपताना चढू देत. "आत्या, मला वाटलं नेटच स्लो आहे," ती म्हणाली. राउटरमध्ये 'क्यूओएस' किंवा रांग सांभाळणारी सोय असेल, तर चढत्या वेगाची मर्यादा खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर लावून ठेवा. मग लांब रांगा साचतच नाहीत. दादाने प्लॅन परत शंभरवर आणला.

कुलपं

दादाच्या कॉम्प्युटरमध्ये लोकांचे पॅन क्रमांक आणि बँकेचे तपशील असतात, म्हणून या भागात मी हयगय करू दिली नाही. राउटरच्या पानाचा मूळ पासवर्ड बदला. तो डब्याच्या तळाशी छापलेला असतो आणि कित्येक डब्यांना सारखाच असतो. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने असेच कारखान्यातले पासवर्ड वापरून घरोघरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्या सैन्याने २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना आपलं यंत्र कामाला लावलं गेलंय याचा पत्ताही नव्हता.

वाय-फायला डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरक्षा ठेवा. पाहुण्यांसाठी आणि टीव्ही, कॅमेरा अशा यंत्रांसाठी 'गेस्ट नेटवर्क' वेगळं करा; त्यांना नेट मिळतं, घरातले कॉम्प्युटर दिसत नाहीत. आणि डबा इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या. तो फार कमी वीज खातो, पण लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू आणि डबा बंद, अशी अवस्था अनेक घरांत असते. वरच्या मजल्यावरचा दुसरा डबाही त्यात धरा. आम्ही तो विसरलो होतो.

नोव्हेंबरात आमच्या गल्लीत गटाराचं खोदकाम निघालं आणि फायबर तुटला. डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लुकलुकायला लागला, म्हणजे प्रकाश येतच नाही. दीड दिवस नेट नव्हतं. दादाचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "मग ऑफिस बंद?" तो म्हणाला, "नाही गं. नेट गेलंय, बाकी सगळं चालू आहे. दोन्ही कॉम्प्युटरवर हिशेबाच्या फाइली उघड्या आहेत, आणि तुझी वहिनी खाली बसून सोसायटीच्या पावत्या छापते आहे. सकाळपासून ऐंशी झाल्या."